पाच वाजता नाक्यावर उरलेले

आजचं शुभवर्तमान: मत्तय २०:१-१६ (द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला)



रोजचं मनन मी शक्यतो लोकलमध्ये लिहिते. वसईला बसायला जागा मिळाली की मोबाइल काढायचा, वाचन एकदा वाचायचं, बोरिवलीपर्यंत शांत बसायचं आणि अंधेरी येईपर्यंत लिहून टाकायचं. आजचं तसं झालं नाही. पुढची वाचनं चाळताना दहा दिवसांपूर्वी हा उतारा उघडला, आणि तेव्हापासून तो आमच्या फ्रिजवर चिकटवलेल्या हिशेबाच्या कागदापाशी जाऊन उभा आहे. तिथून हलायलाच तयार नाही. त्या कागदाचं पुढे सांगते, आधी दाखला.

तुम्हाला तो पाठ असेल, तरी एकदा सावकाश वाचा. मळ्याचा मालक पहाटे बाहेर पडतो, बाजारात उभे असलेले कामकरी ठरवतो, दिवसाचा एक दिनार कबूल करतो. दिनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची नेहमीची मजुरी. एका घरची त्या दिवसाची चूल पेटेल, एवढी रक्कम. मग तो नऊ वाजता पुन्हा बाजारात जातो, बाराला जातो, तीनला जातो. आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना, पाच वाजता, परत जातो. तिथे अजूनही काही माणसं उभी आहेत. तो विचारतो, अरे, दिवसभर इथे रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही.

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात हे पाच वाजताचे लोक मला आळशी वाटायचे. उशिरा उठले असतील, वाटेत गप्पा मारत बसले असतील, आणि तरी देवानं त्यांना पूर्ण पैसे दिले, म्हणून देव दयाळू. असंच कुणी शिकवलं होतं की मीच तसं ऐकलं, आता आठवत नाही. पण वचनात ते आळशी होते असं कुठेही लिहिलेलं नाही. मालक त्यांचं उत्तर ऐकतो, वाद घालत नाही, खोटं बोलताय असं म्हणत नाही. तुम्हीही मळ्यात जा, एवढंच सांगतो.

आमच्या स्टेशनबाहेर नाका आहे. सकाळी सात-साडेसातला तिथून जाल तर शे-दोनशे माणसं उभी दिसतील. गवंडी थापी घेऊन, रंगारी ब्रश आणि रोलर घेऊन, बिगारी नुसतेच हात घेऊन. बाया डोक्याला फडकं बांधून, घमेलं उपडं घालून त्यावर बसलेल्या. ठेकेदार टेम्पो घेऊन येतो. बरेचदा खाली उतरतही नाही. बोटानं दाखवतो, तू, तू, आणि तो मागचा. कुणाला निवडतो? दंड बघून निवडतो. दहा वाजेपर्यंत नाका बराचसा रिकामा होतो, आणि मग जे उरलेले असतात त्यांच्याकडे एकदा नीट बघा. पिकलेले केस. परांचीवरून पडून वाकडा झालेला हात. पोटुशी बाई. आळशी नसतात हो हे लोक. आळशी माणूस अंधारात उठून, भाकरी बांधून, पहिली-दुसरी गाडी पकडून नाक्यावर येऊन उभा राहत नाही. त्यांना सकाळपासून चार वेळा कुणीतरी बघितलेलं असतं आणि चार वेळा नको म्हटलेलं असतं.

येशू नासरेथमध्ये सुताराच्या घरात वाढला, स्वतः ते काम केलं. त्याला हा नाका माहीत असणार असं मला नेहमी वाटतं. लांबून बघणाऱ्याला पाच वाजता उरलेली माणसं सहसा सुचतच नाहीत.

आता एक गोष्ट आधीच मान्य करते, नाहीतर आमच्या ग्रुपमधले धर्मशास्त्र शिकणारे दोघे लगेच मेसेज टाकतील. हा दाखला प्रथम स्वर्गाच्या राज्याविषयी आहे, कृपेविषयी आहे. संत ग्रेगरी द ग्रेट यांनी या पाच वेळांमध्ये जगाच्या इतिहासाचे टप्पे पाहिले, माणसाच्या आयुष्याचे टप्पेही पाहिले: कुणी बालपणी देवाकडे येतो, कुणी अगदी म्हातारपणी. ते सगळं खरं आहे. पण येशूने कृपा समजावून सांगायला मजुरी निवडली, ही गोष्ट मला बाजूला ठेवता येत नाही. दुसरी एखादी उपमा त्याला सुचली नसती असं थोडंच आहे?

शिवाय त्याच्या ऐकणाऱ्यांना एक नियम पाठ होता. अनुवाद २४:१४-१५ उघडा. गरीब मजुराची मजुरी, तो आपला असो की परका, त्याच दिवशी सूर्य मावळण्याआधी द्यायची. कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो, आणि तो देवाकडे गाऱ्हाणं घेऊन गेला तर पाप तुझ्या माथी. लेवीय १९:१३ मध्येही तेच, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवायची नाही. दाखल्यात संध्याकाळ होताच मालक कारभाऱ्याला बोलावतो, ते या नियमाप्रमाणेच. गंमत पुढे आहे. तो सांगतो की शेवटच्यांपासून सुरुवात कर. आणि त्यांना एक दिनार मिळतो.

पहाटेपासून राबलेले चिडतात. का चिडतात ते बारकाईने वाचा, बाराव्या ओवीत आहे. आम्हाला कमी दिलं, ही त्यांची तक्रार नाही. ठरलेला दिनार त्यांना मिळालाच आहे. तुम्ही यांना आमच्या बरोबरीचं केलंत, ही तक्रार आहे. बरोबरी झोंबली.

आता फ्रिजवरचा कागद.

आमच्याकडे एक मावशी येतात. परभणीकडच्या आहेत, नालासोपाऱ्याला राहतात. सकाळी स्वयंपाक, भांडी, केर-लादी. महिन्याचे साडेचार हजार. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीला ताप भरला, तिला दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि मावशी चार दिवस आल्या नाहीत. महिना संपल्यावर मी हिशेब केला. साडेचार हजार भागिले तीस, दीडशे. गुणिले चार, सहाशे. तीन हजार नऊशे रुपये मोजून पाकिटात घातले आणि फ्रिजवरच्या कागदावर लिहिलं: '४ खाडे, -६००'. मावशींनी पाकीट घेतलं, मोजलं नाही. 'ठीक आहे ताई' म्हणाल्या आणि ओटा पुसायला लागल्या.

मला तेव्हा काहीही वाटलं नाही. खरंच सांगते, एक क्षणही नाही. हिशेब बरोबर होता.

मग दहा दिवसांपूर्वी हा उतारा वाचला, आणि झोपताना आठवलं की गेल्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला होता. मी नऊ दिवस घरी होते. माझा एक रुपयाही कापला गेला नाही. उलट मॅनेजरचा मेसेज आला की काळजी घे, घाई करू नकोस. त्या नऊ दिवसांत मला पेज करून कोण घालत होतं? मावशी.

माझी आजारपणाची रजा आणि त्यांचा 'खाडा'. शब्दसुद्धा दोन ठेवलेत बघा आपण.

आता तुमच्यातले काही म्हणतील, आणि मीही स्वतःला तेच म्हणून पाहिलं, की यात चुकलं काय? रेट ठरलेला होता. त्यांनी कबूल केला होता. आमच्या इमारतीत सगळे तेवढेच देतात. तेवढेच देतात हे मला पक्कं माहीत आहे, कारण इमारतीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्यात दर दिवाळीच्या आसपास आठवण येते: कृपया कुणीही जास्त देऊ नये, बाकीच्यांचे रेट बिघडतात. महिन्याला एकच सुट्टी, वर झाली तर कापावी. या मेसेजवर अंगठे उमटतात. त्यात एक अंगठा माझाही आहे.

याच प्रश्नावर आपल्या ख्रिस्तसभेनं सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी काय म्हटलं आहे ते पाहू. १५ मे १८९१ रोजी पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोवारुम' हे विश्वपत्र काढलं. विश्वपत्र म्हणजे पोप महोदय सगळ्या ख्रिस्तसभेला उद्देशून लिहितात ते पत्र. युरोपात कारखाने वाढले होते, खेड्यातली माणसं शहरात येऊन मिळेल त्या पैशावर राबत होती. त्या काळचा सर्वमान्य विचार असा, की मालक आणि मजूर दोघांनी राजीखुशीनं आकडा ठरवला की न्याय झाला, पुढे बोलायचं कारण नाही. लिओ म्हणतात, कारण आहे. करार होण्याआधीपासून असलेला, निसर्गानंच घातलेला एक न्याय आहे: काटकसरीनं राहणाऱ्या कष्टकऱ्याला जगता येईल एवढी मजुरी मिळालीच पाहिजे. आणि गरजेपोटी किंवा याहून वाईट होईल या भीतीपोटी एखाद्यानं कमी पैसे कबूल केले, तर त्या कबुलीला राजीखुशी म्हणता येत नाही. त्याच्यावर बळजबरीच झालेली असते.

हे वाचताना मावशींचं 'ठीक आहे ताई' माझ्या कानात होतं.

हेच सूत्र आजच्या कॅटेकिझममध्येही आहे, परिच्छेद २४३४ काढून बघा. मजुरी न्याय्य आहे की नाही हे ठरवताना माणसाची गरज आणि त्याचं योगदान दोन्ही पाहायचं, आणि दोघांचं ठरलं होतं एवढ्यानं रक्कम नैतिक ठरत नाही. आणखी एक परिच्छेद आहे, १८६७. ज्या पापांचा आक्रोश थेट स्वर्गापर्यंत पोहोचतो त्यांची तिथे यादी आहे. तिच्यात हाबेलचं रक्त आहे, मिसर देशात दडपलेल्या लोकांचा टाहो आहे, आणि त्यांच्याच रांगेत मजुराला त्याच्या मजुरीबाबत केलेला अन्याय आहे. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातून हे आलं. तिथे अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते. बेन सिराच्या ग्रंथात, ३४व्या अध्यायात, तर मजुराची मजुरी बुडवणं म्हणजे रक्त सांडणं, इतकं स्पष्ट आहे. पापनिवेदनाला जाताना आपण रागाचं सांगतो, मिस्सा चुकल्याचं सांगतो, मोबाइलवर काय पाहिलं तेही कधी कधी सांगतो. मजुरीचं मी आजवर एकदाही सांगितलेलं नाही. तुम्ही?

'रेरुम नोवारुम' खुर्चीवर बसून सुचलेलं पत्र नव्हतं. त्याच्या दोन वर्षं आधी, १८८९ च्या ऑगस्टमध्ये, लंडनच्या गोदी कामगारांनी संप केला होता. त्यांची भरती कशी व्हायची? रोज सकाळी गोदीच्या फाटकापाशी गर्दी करायची, मुकादम येऊन माणसं निवडणार, कुणाला तासाभराचंच काम मिळणार आणि उरलेले रिकाम्या हातांनी परतणार. नाकाच तो. त्यांची मागणी अशी की तासाला सहा पेनी द्या, आणि कामावर घेतलंत तर निदान चार तास तरी घ्या. तेव्हा लंडनचे कार्डिनल मॅनिंग ८१ वर्षांचे होते. त्या वयात ते मालकांकडे गेले, संपकऱ्यांकडे गेले, पुन्हा मालकांकडे गेले, आणि सप्टेंबरात तडजोड घडवून आणली. मला त्यांच्याविषयी आवडणारी गोष्ट ही, की त्यांनी पाच वाजता उरलेल्यांवर प्रवचन दिलं नाही, ते स्वतः बाजारात गेले. गेल्या वर्षभरात तुम्ही ऐकलं असेलच, ८ मे २०२५ ला निवडून आलेल्या आपल्या पोप महोदयांनी लिओ हे नाव घेतलं आणि दोनच दिवसांनी कार्डिनलांना सांगितलं की त्यामागे तेरावे लिओ आणि हेच पत्र आहे. आता यंत्रं विचार करू लागल्यावर माणसाच्या श्रमाचं काय, हा प्रश्न त्यांच्यासमोर आहे. आयटीवाल्यांनो, हे आपल्यासाठी. पण तो आजचा विषय नाही.

जाता जाता एक. याच दाखल्यातून इंग्लंडच्या जॉन रस्किनने १८६० मध्ये आपल्या लेखमालेला नाव घेतलं, 'अन टू धिस लास्ट', म्हणजे या शेवटच्यालाही. १९०४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना गांधीजींनी ते पुस्तक आगगाडीत वाचलं, आणि पुढे त्याचा सार गुजरातीत लिहून त्याला नाव दिलं 'सर्वोदय'. म्हणजे आपण शाळेत पाठ केलेला सर्वोदय हा शब्द पाच वाजताच्या मजुरापासून निघाला आहे. आमच्या लोकलच्या डब्यात असं काही घडल्याचं अजून ऐकिवात नाही.

आता मजुरीच्या पलीकडचं. यासाठी मला माझ्या आजीविषयी थोडं कडू बोलावं लागणार आहे.

आजीची वसईत केळीची वाडी होती, थोड्या पानवेली होत्या. वाडीवर आदिवासी मजूर यायचे. आजीचा एक नियम कधी मोडला नाही: चर्चची तिन्हीसांजेची घंटा व्हायच्या आत दिवसाचे पैसे हातावर. सुट्टे नसले तर शेजारून आणायची, पण उद्यावर ठेवायची नाही. अनुवादाचा चोविसावा अध्याय तिनं वाचलेला नव्हता, तिला वाचताच येत नव्हतं. पण ते तिच्यात होतं. मी हे कितीदा तरी अभिमानानं सांगितलं आहे.

जे सांगत नाही ते हे. पडवीच्या कोनाड्यात दोन कपबशा असायच्या. कान तुटलेल्या. त्या मजुरांच्या. चहा झाला की त्यांनीच विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायच्या. घरातल्या कपांत त्या कधी मिसळल्या नाहीत. मी एकदा, सहा-सात वर्षांची असेन, त्यातल्या कपातून पाणी प्यायले तर आजीनं हातातून हिसकावला होता. पैसे वेळेवर, पूर्ण, आणि कप वेगळा.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव माणसाला आपल्या प्रतिमेप्रमाणे घडवतो. त्या वेळी माणसानं अजून काहीही काम केलेलं नाही. एक शेंगही तोडलेली नाही. प्रतिमा आधी, काम नंतर. ख्रिस्तसभेची सगळी सामाजिक शिकवण या एका क्रमावर उभी आहे. प्रतिष्ठा कमवायची नसते आणि गमावताही येत नाही; म्हातारपणानं, आजारानं, कामावरून काढल्यानं, अगदी गुन्ह्यानंसुद्धा ती जात नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये व्हॅटिकननं मानवी प्रतिष्ठेवर जो दस्तऐवज काढला त्याचं नावच मुळी 'डिग्निटास इन्फिनिटा', अमर्याद प्रतिष्ठा. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झर्सेन्स' या पत्रात कामाचं मोल कशावरून ठरतं ते मांडलं: काय काम केलं यावरून नाही, तर ते करणारा माणूस आहे यावरून. नाझींच्या काळात स्वतः दगडाच्या खाणीत आणि मग रसायनांच्या कारखान्यात राबलेला माणूस हे लिहीत होता, म्हणून मला ते पटतं. एरवी असली वाक्यं मला जरा गुळगुळीत वाटतात.

आजीच्या हातातली मजुरी बरोबर होती. कोनाडा चुकीचा होता. हे लिहून झाल्यावर मी उठून आमच्या ओट्याकडे गेले. मावशी चहा कशातून पितात? एका स्टीलच्या पेल्यातून. तो सिंकच्या बाजूला खिडकीत पालथा असतो. तिथे ठेव असं मी कधी सांगितलेलं नाही. त्यांनी कधी विचारलेलं नाही. आमचे कप वरच्या कपाटात असतात.

आमच्या सोसायटीत आणखी एक मोठा कोनाडा आहे. मागची लिफ्ट. कामवाल्या आणि डिलिव्हरीची मुलं यांनी तीच वापरावी अशी पाटी आहे. ती महिन्यातून आठ दिवस बंद असते. त्या दिवसांत मावशी सहा मजले चढतात. येत्या मीटिंगमध्ये ही पाटी काढावी असा विषय मी दिला आहे. सेक्रेटरी काका भले गृहस्थ आहेत, ते मला समजावून म्हणाले, 'अगं, प्रश्न स्वच्छतेचा आहे.' आमच्या लाद्या रोज पुसणाऱ्या बायकांमुळे लिफ्ट अस्वच्छ होते, हे मला कळायला वेळ लागला. खरं तर बाराव्या ओवीतच सगळं आहे. यांना आमच्या बरोबरीचं केलंत.

आणखी एक राहिलं, रविवार. दहा आज्ञांतली विश्रांतीची आज्ञा आपण मिस्सेपुरती करून टाकली आहे. अनुवाद ५:१४ नीट वाचा: तू, तुझी मुलं, तुझे दास-दासी, बैल, गाढव, दारी आलेला परकाही, सगळ्यांनी थांबायचं, तुझ्याप्रमाणेच तुझ्या दास-दासींनाही विसावा मिळावा म्हणून. मुंबईच्या गिरणी कामगारांना ही रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली, आणि ती मिळवून दिली सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते आपल्या धर्माचे नव्हते, पण मोशेच्या आज्ञेचं हे कलम मुंबईत त्यांच्या चळवळीनं अमलात आणलं असं मी म्हणेन. रागावू नका. आणि त्याला इतकी वर्षं झाल्यावरही, मी रविवारी नऊच्या मिस्सेला बसलेली असते तेव्हा मावशी माझी शनिवारच्या पार्टीची भांडी घासत असतात.

घरकामगार बायकांसाठी ख्रिस्तसभेतून काहीच झालं नाही असं मात्र नाही. बेल्जियमहून भारतात आलेल्या सिस्टर जीन डेव्होस यांनी १९८५ मध्ये राष्ट्रीय घरकामगार चळवळ सुरू केली. महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं घरकामगारांसाठी करार क्रमांक १८९ मंजूर केला, ज्यात आठवड्याला सलग चोवीस तास विश्रांती हा हक्क आहे; भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. चोवीस तास. मोशेइतकेच.

मग मी काय केलं, ते सांगायला हवं.

सहाशे रुपये वेगळ्या पाकिटात घालून मावशींना दिले. त्यांनी या वेळी मोजले. 'हे कशाचे?' मी म्हटलं, 'मागच्या महिन्यातले, मी कापले होते ते.' 'पण मी आलेच नव्हते की.' मी म्हटलं, 'मुलगी आजारी होती ना.' त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'आजारपणाचे पण देतात?' मला उत्तर देता येईना, कारण खरं उत्तर असं होतं, की हो, मला देतात. शेवटी तेच सांगितलं. त्यांनी पाकीट कमरेला खोचलं आणि कणीक मळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, यापुढे रविवारी येऊ नका. त्यांचा चेहरा एकदम उतरला. पहिला प्रश्न: 'म्हणजे पगार किती कापणार?' कापणार नाही, हे तीनदा सांगावं लागलं. तरी त्यांचा विश्वास बसला असेल असं वाटत नाही. पुढच्या एक तारखेला बसेल. पेला आता वरच्या कपाटात आहे. मावशींनी दोनदा तो परत खिडकीत ठेवला, मी दोनदा वर ठेवला. यावर आम्ही अजून बोललेलो नाही. ग्रुपवरचा तो मेसेजही तसाच आहे आणि त्यावरचा माझा अंगठा मी काढला असला, तरी तिथे एक ओळही लिहायचं धाडस झालेलं नाही. प्रभो, एवढी एक ओळ लिहायला बळ दे. बाकीचं नंतर मागेन.

परवाच्या रविवारी भांडी मी घासली आणि मिस्सेला दहा मिनिटं उशिरा पोहोचले. परत येताना खाली मागच्या लिफ्टपाशी मावशी उभ्या दिसल्या. तिसऱ्या मजल्यावरच्यांकडे रविवारी पाहुणे असतात, तिकडे निघाल्या होत्या. लिफ्ट बंद होती. मला बघून हसल्या आणि म्हणाल्या, 'ताई, तुमच्याकडे आज सुट्टी आहे ना माझी?'

उद्याचं वाचन: मत्तय २२:१-१४, लग्नाच्या मेजवानीचा दाखला.